पोस्टिल : बायबलच्या समासातला जुना शब्द, त्याचा अर्थ आणि व्युत्पत्ती

शाईदौत

नमस्कार मंडळी. युरोपातल्या सुरुवातीच्या छपाईवरचा एक दीर्घ लेख मराठीत आणते आहे. त्यात एक शब्द सारखा आडवा येतो : पोस्टिल. लॅटिनमध्ये पोस्टिला, अनेकवचन पोस्टिले. कोशात अर्थ मिळतो 'बायबलच्या समासातली टीप'. पण तेवढ्याने काम भागत नाही. त्याच लेखात एका ठिकाणी हा शब्द पानाच्या कडेला लिहिलेल्या दोन ओळींसाठी येतो, पुढे संपूर्ण बायबलवरच्या अनेक खंडी भाष्यासाठी येतो आणि शेवटी जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या प्रवचनांच्या पुस्तकासाठीही तोच वापरला आहे.

मला जेवढे हाती लागले ते मांडते. शब्द मध्ययुगीन लॅटिनमधला, तेराव्या शतकात रुळलेला. नेहमी सांगितली जाणारी व्युत्पत्ती 'पोस्ट इल्ला वेर्बा टेक्स्टुस' अशी आहे, म्हणजे 'मूळ पाठातल्या त्या शब्दांनंतर'. यातले पहिले दोन शब्द, 'पोस्ट इल्ला', एकमेकांना चिकटले आणि पोस्टिला झाले, असे म्हणतात. निकोलस ट्रिव्हेट या इंग्रज इतिवृत्तकाराने स्टीफन लँग्टनबद्दल लिहिताना, त्याने सगळ्या बायबलवर पोस्टिले केल्या, असे म्हटले आहे. हा लँग्टन म्हणजे मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे इंग्लंडच्या राजावर बंधने घालणाऱ्या सनदेच्या, वेळचा कँटरबरीचा आर्चबिशप. बायबलची आजची अध्यायांची विभागणीही त्याच्याच नावावर सांगतात. त्याचा मृत्यू १२२८ मधला. त्याच्या पाठोपाठ पॅरिसमध्ये डॉमिनिकन पंथाचा ह्यू ऑफ सेंट-शेर येतो (मृत्यू १२६३). त्याने आणि त्याच्या मठातल्या सहकाऱ्यांनी संपूर्ण बायबलवर पोस्टिले रचल्या.

'पोस्ट इल्ला' हे खरे की नंतर कुणी जुळवलेले, हे मला जाणून घ्यायचे आहे. टीपेचा शब्द प्रवचनाला कसा लागला हेही उमगत नाही. आणि मराठीत लिहायचे तर काय लिहू? 'टीप' म्हटले की पानाच्या तळाची बारीक अक्षरे डोळ्यांपुढे येतात आणि 'भाष्य' म्हटले की शंकराचार्य.

बोरू

छान विषय काढलात. व्युत्पत्तीकडे जाण्याआधी ते पान कसे दिसत होते हे पाहू, म्हणजे निम्मा गुंता सुटेल.

पोस्टिलच्या आधी ग्लॉस होती. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या लाँ गावच्या शाळेत अ‍ॅन्सेल्म (मृत्यू १११७) आणि त्याच्या बरोबरच्यांनी जुन्या धर्मपित्यांची, म्हणजे सुरुवातीच्या शतकांतल्या ख्रिस्ती आचार्यांची, वचने वेचून बायबलच्या ओळींना जोडायला सुरुवात केली. त्यातून जो साठा उभा राहिला त्याला 'ग्लॉसा ऑर्डिनारिया' म्हणतात. पानाच्या मधोमध मोठ्या अक्षरात मूळ पाठ, दोन ओळींच्या मध्ये शब्दार्थ आणि चारी बाजूंच्या समासात लहान अक्षरात वचने. ज्यांनी आपल्याकडच्या त्रिपाठ किंवा पंचपाठ पोथ्या पाहिल्या आहेत त्यांना ही मांडणी नवी नाही. त्रिपाठात मूळ मध्ये आणि टीका वर-खाली असते, पंचपाठात ती डाव्या-उजव्या समासांतही पसरते. इकडच्या आणि तिकडच्या लेखकूंपुढे अडचण एकच होती : मूळ आणि विवरण एका नजरेत यावे, पण एकमेकांत मिसळू नये.

पोस्टिल ही ग्लॉसची पुढची पायरी. ग्लॉस म्हणजे वेचलेली वचने, सुटी सुटी. पोस्टिलमध्ये एकच शिक्षक सलग बोलत असतो. पाठातले दोन-चार शब्द घ्यायचे, त्यांचा अर्थ सांगायचा, पुढचे दोन-चार घ्यायचे, असे ओळीमागून ओळ चालत राहायचे. ही वर्गातली पद्धत आहे. पॅरिसच्या वर्गांत हे असेच शिकवले जाई आणि विद्यार्थी उतरवून घेत. त्यामुळे शब्दकोश 'समासातली टीप' म्हणतो तेव्हा तो नंतरचा अर्थ सांगतो. तेराव्या शतकातली पोस्टिल स्वतंत्र वहीतही असे आणि समास हे तिचे एकमेव घर नव्हते.

गोदाकाठ

माझी एक भाबडी शंका. मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी आम्ही पदवीच्या प्रमाणपत्रावर 'अपोस्टील' करून घेतले. त्याचा याच्याशी संबंध आहे का? मला इतके दिवस वाटायचे की ते 'अपॉसल' म्हणजे प्रेषित या शब्दावरून आले असेल, किंवा टपालाच्या पोस्टावरून.

मुखत्यार

गोदाकाठताई, शंका भाबडी नाही, थेट मुद्द्याची आहे. अपोस्टील ही याच पोस्टिलची लेक. फ्रेंचमध्ये पोस्टिलला मागे 'अ' लागून आधी क्रियापद झाले, अपोस्टिये, म्हणजे कडेला टिपण जोडणे. त्यावरून नाम झाले अपोस्टील. प्रेषित ग्रीक 'अपोस्तोलोस' वरून आला, त्याचा अर्थ 'पाठवलेला'. तो वेगळा वंश. टपालाचे पोस्टही वेगळे : ते 'ठेवलेला, नेमलेला' या अर्थाच्या लॅटिन 'पोझिटा'चे, कारण वाटेत ठरावीक अंतरावर घोडे आणि स्वार नेमलेले असत. पोस्टिलमधले पोस्ट म्हणजे 'नंतर'.

फ्रेंच कारभारात अर्जाच्या समासात वरिष्ठ शिफारशीचे दोन शब्द लिहीत, त्यालाही अपोस्टील म्हणत. आपल्या कचेरीत साहेब अर्जावर शेरा मारतात, अगदी तेच.

आज तुम्ही जे करून घेतले ते ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातले, एका देशाचे सरकारी कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरण्याबद्दलच्या. भारतात तो १४ जुलै २००५ पासून लागू आहे. म्हणून आधी राज्याच्या अधिकाऱ्याकडून कागद प्रमाणित होतो आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील लागते. करारात त्याचा नमुनाच दिला आहे : चौकोन, बाजू किमान ९ सेंटीमीटर, आत १० क्रमांकित नोंदी, आणि मथळा फ्रेंचमध्येच असला पाहिजे. त्यामुळे दिल्लीत लागलेल्या चिकटपट्टीवरही तो फ्रेंच शब्द असतो.

आता यातली खरी गंमत पाहा. अपोस्टील कागदातल्या मजकुराबद्दल एक अक्षर बोलत नाही. सही खरी आहे, सही करणाऱ्याचा हुद्दा खरा आहे, शिक्का खरा आहे, एवढेच ते सांगते. तुमच्या मुलाला किती गुण पडले, अभ्यासक्रम चांगला होता का, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. जो शब्द मजकुराचा अर्थ उलगडण्यासाठी जन्मला, त्याच्या लेकीला मजकुराकडे पाहायचीही मुभा नाही. वकिली करताना हजारदा हा शब्द तोंडात आला, पण त्याचा प्रवास इतका उलटा झालाय हे या धाग्यामुळे नीट ध्यानात आले.

शाईदौत

मुखत्यार, बोरू, दोघांचे आभार. लेखात एक अपोस्टीलही आहे. स्पेनचा राजा दुसरा फिलिप कागदपत्रांच्या समासात स्वतःच्या हाताने सूचना लिहायचा, त्यांच्या संदर्भात. तो धागा आता जुळला.

व्युत्पत्तीबद्दल विचार करते आहे. 'पोस्ट इल्ला' ऐकले की जरा जास्तच सोयीचे वाटते. वाक्यातले दोन तुटक शब्द उचलून त्यांचे नाम कसे होईल?

बोरू

का नाही होणार? आपल्याकडेच पाहा. 'ॐ नमः सिद्धम्' हे धुळाक्षरे गिरवण्याआधी मुलांकडून म्हणवून घेत. त्याचा 'ओनामा' झाला आणि आता ओनामा म्हणजे कोणत्याही गोष्टीची सुरुवात. 'श्रीगणेशाय नमः' मधून 'श्रीगणेशा' निघाला आणि तो आपण करतो. विभक्ती कुठे तुटली, नमः कुठे गेले, याची म्हणणाऱ्याला पर्वा नसते. वर्गात जे सतत कानावर पडते त्याचा तुकडा पडून नाम होते.

लॅटिनची बाजूही अनुकूल आहे. 'इल्ला' हे मूळ नपुंसक अनेकवचन, 'ती (वचने)'. पण लॅटिनमध्ये '-इल्ला' ही स्त्रीलिंगी लघुत्वदर्शक नामांची ओळखीची अखेर आहे : स्किंटिला म्हणजे ठिणगी, पुपिला म्हणजे बाहुली आणि डोळ्यातली बाहुलीही. त्यामुळे दोन शब्द एकत्र उच्चारले की कानाला तयार नामच ऐकू येते. मग अनेकवचन पोस्टिले, क्रियापद पोस्टिलारे, आणि ते करणारा पोस्टिलाटोर, असा सगळा संसार थाटला गेला. कोशकार 'बहुधा' हा शब्द लावूनच ही व्युत्पत्ती देतात आणि ते बरोबर आहे, कारण जन्माचा दाखला कुणाकडे नाही. पण जी पद्धत मी वर सांगितली, पाठातले शब्द आधी आणि विवरण त्यांच्या मागून, तिच्याशी हे नाव इतके घट्ट बसते की मला ते पटते.

टेम्सकाठ

निकोलस ऑफ लायरा अजून कुणाच्या बोलण्यात आला नाही! पोस्टिल म्हटले की पहिले नाव त्याचे.

फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या लीर गावचा हा फ्रान्सिस्कन पंथाचा साधू (साधारण १२७० ते १३४९). त्याला हिब्रू येत होते, हे त्या काळच्या ख्रिस्ती पंडितांत दुर्मीळ होते. जुन्या कराराचा अर्थ लावताना तो राशीचा आधार घेतो. राशी म्हणजे अकराव्या शतकातला त्र्वा नगरचा ज्यू भाष्यकार, ज्याची टीका आजही हिब्रू बायबलबरोबर वाचतात. लायराने रूपकांत शिरण्याआधी शब्दाचा सरळ अर्थ पाहायचा असा आग्रह धरला. म्हणून त्याच्या मुख्य ग्रंथाचे नाव 'पोस्टिला लिटरालिस', शब्दशः अर्थाची पोस्टिल. हस्तलिखितांच्या काळात तिच्या शेकडो प्रती निघाल्या आणि छपाई आल्यावर रोममध्ये श्वाइनहाइम आणि पानार्ट्झ या जर्मन मुद्रकांनी १४७१-७२ मध्ये ती पाच खंडांत छापली. छापून आलेले हे बायबलवरचे पहिले भाष्य.

पण मला सर्वांत जास्त भावते ते पुढचे. बुर्गोसचा बिशप पाउल हा जन्माने ज्यू. त्याचे आधीचे नाव सोलोमन हा-लेवी, स्वतः रब्बी. त्याने लायराच्या पोस्टिलवर 'पुरवण्या' लिहिल्या आणि ठिकठिकाणी लायराचे हिब्रू कच्चे ठरवले. ते वाचून मथियास डोरिंग या जर्मन फ्रान्सिस्कनला राहवले नाही. त्याने लायराच्या बाजूने 'प्रत्युत्तरे' लिहिली. आणि मुद्रकांनी काय करावे? १४९८ मध्ये बाझेलला फ्रोबेन आणि पेट्री यांनी छापलेल्या बायबलमध्ये मूळ पाठ, ग्लॉस, लायराची पोस्टिल, पाउलच्या पुरवण्या आणि डोरिंगची प्रत्युत्तरे हे सगळे एकत्र छापले. वाचकाला वचन वाचता वाचता त्यावरचे भांडणही पुरते वाचता येई. वाचकापासून मतभेद लपवायचे नाहीत, ही त्या पानाची वृत्ती मला फार मोठी वाटते.

लायरावर एक लॅटिन कोटीही प्रसिद्ध आहे : 'सी लीरा नोन लिरासेत, लुथेरुस नोन साल्तासेत'. लायराने वीणा छेडली नसती तर ल्यूथर नाचला नसता.

गिरिजकर

ल्यूथरचे नाव निघाले, आता टीपेचे प्रवचन कसे झाले ते सांगतो. मी वसईचा, त्यामुळे ही बाजू लहानपणापासून अंगवळणी आहे.

आमच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, त्या-त्या रविवारचे शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला उतारा, आधीच नेमलेले असते. फादर ते वाचतात, लोक उभे राहून ऐकतात, मग सगळे बसतात आणि फादर प्रवचन करतात. प्रवचन नेमके त्या उताऱ्यावरच असते. म्हणजे शब्दशः 'त्या शब्दांनंतर'. मध्ययुगातही क्रम हाच होता. वर्गात ओळीमागून ओळ चालणारी पोस्टिल देवळात आली तेव्हा तिने त्या दिवसाच्या नेमलेल्या उताऱ्याला धरले. हळूहळू पोस्टिल म्हणजे वर्षभराच्या रविवारांच्या आणि सणांच्या उताऱ्यांवरची ओळीने लावलेली प्रवचने, असा अर्थ झाला. ज्या पाद्र्याला स्वतः रचता येत नसे तो तीच वाचून दाखवी.

ल्यूथरने वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून असताना असे प्रवचनलेखन सुरू केले आणि १५२२ पासून ते छापून येऊ लागले. त्याला जर्मनमध्ये 'किर्शेनपोस्टिले', चर्चची पोस्टिल, म्हणतात. १५४४ मध्ये 'हाउसपोस्टिले', घरची पोस्टिल, आली. इथून हा शब्द उत्तर आणि पूर्व युरोपभर पसरला. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोघांनीही तो घेतला. पोलंडमध्ये मिकोवाय रेयची पोस्टिल १५५७ ची, ती प्रोटेस्टंट. तिला उत्तर म्हणून जेझुइट या कॅथलिक पंथाच्या याकुब वुयेकने कॅथलिक पोस्टिल लिहिली. तीच मिकालोयुस दाउक्शाने लिथुएनियनमध्ये आणली आणि १५९९ मध्ये व्हिल्नियसला छापली. तिच्या प्रस्तावनेत दाउक्शाने मातृभाषेची जी बाजू घेतली आहे तिच्यासाठी लिथुएनियात ते पुस्तक आजही मानाचे आहे. आइसलँडमध्ये योन विदालिनची पोस्टिल (१७१८-२०) तर घराघरांत पोचली. तिथल्या लांबलचक हिवाळ्यात शेतघरात एक जण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे.

आता यातली इकडची गोष्ट. थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' गोव्यात राशोलला १६१६ मध्ये छापले गेले, तेही अशाच गरजेतून. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या कानाला पुराण ऐकायची सवय होती, ती जागा रिकामी पडली होती. त्याला पोस्टिल म्हणता येणार नाही, ते ओवीबद्ध स्वतंत्र काव्य आहे. पण वचन कळले पाहिजे, लोकांच्या बोलीत कळले पाहिजे आणि चार माणसे एकत्र बसून ऐकतील असे असले पाहिजे, ही तळमळ त्याच काळातली.

मिलानवासी

इटलीत हा शब्द अजून ठणठणीत आहे. इथे पोस्टिला म्हणजे समासातली टीप, मग ते बायबल असो की कोणतेही पुस्तक. घराचा व्यवहार करताना नोटरीपुढे दस्त वाचला जातो, त्यात काही खोडायचे किंवा वाढवायचे असेल तर ते कडेला किंवा शेवटी वेगळे लिहितात. त्या दुरुस्तीला 'पोस्टिला'च म्हणतात. आमच्या दस्तात नाव चुकीचे पडले होते तेव्हा मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला आणि त्याच्यामागे बायबल आहे याची कल्पनाही आली नाही.

कोलंबसाच्या टीपांनाही अभ्यासक हाच शब्द लावतात. पिएर दाय्यीचे 'इमागो मुंडी', मार्को पोलोचा वृत्तांत अशी त्याची पुस्तके सेव्हिलच्या कोलंबिना ग्रंथालयात आहेत आणि त्यांच्या समासांत शेकडो पोस्टिले आहेत. पश्चिमेकडून आशियाला पोचता येईल हा त्याचा हट्ट कशावर उभा होता, ते या कडेच्या ओळींतून कळते.

जर्मनीत मात्र या शब्दाचे दिवस फिरले असे तिथला मित्र सांगतो. तिथे आता 'पोस्टिले' हा एखाद्या नियतकालिकाला हिणवण्याचा शब्द आहे.

गोदाकाठ

आपल्याकडे 'टीका' शब्दाचे तेच झाले ना! ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे असे पाचवीतल्या मुलाला सांगितले तर त्याला वाटते माउलींनी गीतेत दोष काढले.

एक विचारू? समासात इतके लिहीत गेल्यावर ते मूळ मजकुरात घुसत नसेल का? पुढच्या लेखकूला कसे कळणार कोणते मूळचे आणि कोणते कडेचे?

बोरू

घुसत असे, आणि त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण नव्या करारातच आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायाच्या सातव्या-आठव्या वचनांत, आत्मा, पाणी आणि रक्त हे तीन साक्षी सांगितले आहेत. लॅटिन प्रतींमध्ये त्याच्याबरोबर आणखी तीन साक्षी येतात : स्वर्गातले पिता, शब्द आणि पवित्र आत्मा. त्रैक्याचा, म्हणजे हे तिघे मिळून एकच देव या ख्रिस्ती श्रद्धेचा, इतका स्पष्ट उल्लेख बायबलमध्ये दुसरीकडे नाही. पण जुन्या ग्रीक हस्तलिखितांत हे वाक्य नाही. कुणीतरी समासात लिहिलेला खुलासा पुढच्या नक्कलकाराने मूळ समजून आत घेतला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इरॅस्मस या डच पंडिताने १५१६ च्या आपल्या ग्रीक आवृत्तीत ते घेतले नाही, १५१९ मध्येही नाही. केवढा गहजब झाला! १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला ते घालावे लागले आणि तिथून ते इंग्रजी बायबलांत गेले. आजच्या बहुतेक अभ्यासपूर्ण आवृत्त्यांनी ते पुन्हा बाहेर काढून कडेच्या टीपेत ठेवले आहे.

हे वाचताना मला नाथमहाराज आठवल्याशिवाय राहत नाहीत. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद साचले होते. शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये, एकनाथांनी प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावून ठेवले :

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

मूळ पाठाबद्दल असे काळीज असलेला माणूस स्वतः भागवताच्या एकादश स्कंधावर भाष्य लिहितो. म्हणजे विवरणाला त्यांचा विरोध नव्हता. विवरण मुळाच्या ताटात शिरू नये, एवढेच म्हणणे होते. 'त्या शब्दांनंतर' हे नाव मला म्हणूनच मोलाचे वाटते. त्यात मर्यादा आहे.

टेम्सकाठ

बोरू, याला एक राजकीय बाजूही आहे. समासावर हक्क कुणाचा?

१५६० मध्ये जिनिव्हात इंग्रज निर्वासित प्रोटेस्टंटांनी एक इंग्रजी बायबल छापले. समास टीपांनी भरलेले. लोकांना ते फार आवडले, घरी बसून स्वतः वाचता येईल असे. पण पहिला जेम्स राजा झाल्यावर जानेवारी १६०४ मध्ये हॅम्पटन कोर्टच्या परिषदेत त्याने या टीपा राजद्रोही वळणाच्या आहेत म्हणून तक्रार केली. दोन ठिकाणे त्याने बोट ठेवून दाखवली. बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात इजिप्तचा राजा फारो हिब्रू सुईणींना सांगतो की मुलगे जन्मताच मारा आणि त्या ऐकत नाहीत. टीप म्हणते, त्यांनी आज्ञा मोडली ते योग्यच होते, खोटे बोलल्या ते मात्र वाईट. राजाची आज्ञा मोडणे योग्य? दुसरे ठिकाण बायबलमधल्याच '२ इतिहास' या पुस्तकाचा अध्याय १५. आसा राजाने मूर्तिपूजेमुळे आईला राजमातेच्या पदावरून काढले. टीप म्हणते, आसाची निष्ठा अपुरी पडली, तिला मरणदंड द्यायला हवा होता. जेम्सची स्वतःची आई, स्कॉटलंडची मेरी, हिचा १५८७ मध्ये शिरच्छेद झालेला. त्याला ही ओळ कशी लागली असेल!

म्हणून नव्या भाषांतरकारांना नियमच घालून दिला : समासात टीपा नकोत. हिब्रू किंवा ग्रीक शब्दाचा खुलासा करायचा असेल तेवढाच करा. १६११ चे इंग्रजी बायबल त्या नियमाने निघाले. पोस्टिलची चारशे वर्षांची परंपरा तिथे एका हुकमाने कापली गेली.

गिरिजकर

आणि याचेच टोक मराठीपर्यंत येते. १८०४ मध्ये लंडनला ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी निघाली. तिचे तत्त्व होते की बायबल छापायचे ते टीप आणि भाष्य यांवाचून. कारण साधे : वेगवेगळ्या पंथांचे लोक एकत्र आले होते, मूळ पाठावर त्यांचे एकमत होते, अर्थावर नव्हते. मराठी नवा करार श्रीरामपूरहून विल्यम कॅरीच्या मंडळींनी १८११ मध्ये काढला होता. पण पुढे बायबल सोसायटीमार्फत घरोघर गेलेले मराठी बायबल या तत्त्वाचेच होते. म्हणून मराठी वाचकाच्या मनात बायबल म्हणजे दोन स्तंभ, वचनांचे आकडे आणि भाष्यावाचूनचा समास.

कॅथलिकांकडे नेमके उलटे. १७५७ मध्ये रोमने लोकभाषेतल्या बायबलांना परवानगी दिली ती अट घालून : मान्यता हवी आणि सोबत धर्मपित्यांच्या वचनांतून घेतलेल्या टीपा हव्यात. १९८३ च्या चर्चच्या कायद्यातही पुरेशा स्पष्टीकरणांची अट आहे. एका बाजूला टीप असेल तर छापणार नाही, दुसऱ्या बाजूला टीप नसेल तर छापू देणार नाही. मला दोन्ही बाजूंचे म्हणणे कळते. पण वाचणाऱ्याच्या बाजूने विचाराल तर मी टीपेच्या बाजूचा. आमच्या आजीला 'परूशी' आणि 'सदूकी' या येशूच्या काळातल्या दोन ज्यू पंथांतला फरक सांगायला कुणी नव्हते. ती ते शब्द मंत्रासारखे म्हणायची.

शाईदौत

गिरिजकर, माझ्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या प्रतिसादात आहे असे वाटते. पोस्टिलला मराठी शब्द नाही, कारण ती वस्तूच आपल्यापर्यंत पोचली नाही. समास कोरा घेऊन ग्रंथ आला.

'समास' हा आपला शब्दही काय सुरेख आहे. व्याकरणातला समास, दासबोधातला समास आणि कागदाच्या कडेचा समास. त्याच दासबोधात, एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्या समासात, समर्थ लेखकूला सांगतात की भोवती जागा सोडून मध्ये लिहावे, म्हणजे कागदाची कड झडली तरी अक्षर झडणार नाही. आपल्याकडे समास आधी मजकुराच्या रक्षणासाठी होता.

लेखासाठी 'समासटीप' हा शब्द करून पाहिला. कोलंबसाच्या आणि फिलिपच्या टीपांना तो बसतो. ल्यूथरच्या पुस्तकांना 'प्रवचनमाला' म्हणते. लायराचे काय करू? 'पदोत्तर विवरण' असे काहीतरी सुचले, पण वाचताना अडखळायला होते.

बोरू

'पदोत्तर' नको. वाचक त्याला पदाचे उत्तर समजेल. लायरासाठी 'पोस्टिल' हाच शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य लिहा : पाठातले शब्द घेत घेत पुढे जाणारे सलग विवरण. आपण 'ग्लॉस' वर अडलो नाही, 'पोप' वर अडलो नाही, पोस्टिलवर का अडायचे?

मुखत्यार

सहमत. शिवाय 'पोस्टिल' ठेवलात तर अपोस्टील करून घेणाऱ्या हजारो मराठी माणसांना त्या चौकोनी शिक्क्याचे कूळ कळेल. तिथे कंसात का होईना, एक ओळ नक्की टाका.

शाईदौत

टाकते. आणि बाझेलच्या १४९८ च्या बायबलबद्दल टेम्सकाठ यांनी जे लिहिले ते माझ्या मूळ लेखात नाही. पाउल आणि डोरिंग यांच्या वादावर अनुवादकाची टीप म्हणून परिच्छेदभर लिहिते. ती पानाच्या तळाशी न घालता कडेलाच घालावी असे संपादकांना आजच कळवते. समास रुंद ठेवा म्हणून सांगायला हवे.

टेम्सकाठ

किमान दोन इंच मागा. लायराला तेवढी जागा लागतेच.